राय व्हिस्कीची तुलना : फरक नेमका कशाचा?

अमेरिकेतील एखाद्या घरी चार मित्र जमले आहेत आणि टेबलावर राय व्हिस्कीच्या चार वेगवेगळ्या बाटल्या आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येकीतील घोटभर चाखून पाहिल्यावर एक म्हणतो, ही जरा तिखट आहे. दुसऱ्याला तीच गोडसर वाटते. तिसऱ्याला लवंगेचा वास येतो. घरच्या घरी अशी तुलना करण्याची हौस तिकडे पुष्कळांना असते आणि त्या निमित्ताने गप्पाही रंगतात. पण चौथा मित्र चिकित्सक असेल तर तो विचारील : हा फरक आला कशामुळे? धान्यामुळे, मद्याच्या तीव्रतेमुळे, ज्या पिंपात ते मुरले त्या पिंपामुळे, की नुसत्या बाटलीवरच्या नावामुळे?

विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रश्न नवा नाही. प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदलावा आणि बाकीचे स्थिर ठेवावेत, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. राय व्हिस्कीच्या बाबतीत हे घटक एकमेकांपासून सुटे करायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात एक बंड झाले, सैन्य निघाले, कायदे झाले आणि ‘व्हिस्की म्हणजे काय?’ हा वाद थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला. मद्यपानाची भलामण करणे हा या लेखाचा हेतू नाही. मोजमाप आणि प्रामाणिक नाव यांच्याशिवाय तुलना होऊ शकत नाही, ही गोष्ट माणूस कसा शिकला, हे पाहायचे आहे.

तणाचे धान्य झाले

प्रथम एक खुलासा. राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे. राय हे गहू आणि सातू यांच्या जवळच्या नात्यातले तृणधान्य आहे. त्याचे शास्त्रीय नाव सिकेल सिरिएल. नैर्ऋत्य आशियात गव्हाच्या शेतात ते तण म्हणून वाढत असे. ज्या रोपांचे दाणे गव्हासारखे मोठे आणि कणसाला घट्ट धरून राहणारे, ती रोपे निंदणीतून आणि पाखडणीतून वाचली व पुढच्या वर्षी बियाण्याबरोबर पुन्हा पेरली गेली. अशा रीतीने शेतकऱ्याने नकळत या तणाची निवड केली. थंड आणि निकस जमिनीत गहू हार मानी, तेव्हा हे तण मात्र तग धरून राही. तेथे तेच पीक झाले. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलोव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही उपपत्ती मांडली. उत्तर आणि पूर्व युरोपात रायची काळपट भाकरी हे गरिबांचे रोजचे अन्न होते.

अठराव्या शतकात जर्मनीतून आणि उत्तर आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया व मेरीलँड या भागांत राय पेरली. ऊर्ध्वपातनाची कलाही त्यांना अवगत होती. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातून मोनोंगाहेला नदी वाहते. तेथील राय व्हिस्की याच नदीच्या नावाने प्रसिद्धीस आली.

तेथे धान्याचे मद्य करण्यामागे साधे व्यवहारी गणित होते. पूर्वेकडच्या बाजारपेठा आणि ही शेते यांच्यामध्ये ॲलेगनी पर्वत उभा होता. रस्ते खराब, वाहतूक घोड्यांच्या पाठीवरून. धान्य जड आणि स्वस्त. व्हिस्की त्यामानाने हलकी, महाग आणि न नासणारी. एक घोडा ४ बुशेल धान्य नेऊ शके, पण व्हिस्कीच्या रूपात त्याच घोड्यावरून २४ बुशेल धान्याचा माल जाई, असा हिशेब त्या काळी सांगितला जाई. रोख पैशाची चणचण असलेल्या त्या भागात व्हिस्की हेच जवळजवळ चलन बनले होते.

कर आला आणि मोजमाप आले

३ मार्च १७९१ रोजी अमेरिकेच्या संघराज्याने देशात गाळलेल्या मद्यावर कर बसवला. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडायचे होते आणि अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना तो उत्पन्नाचा चांगला मार्ग वाटला. देशी धान्यापासून केलेल्या मद्यावर गॅलनला ९ ते २५ सेंट असा चढता दर होता. मद्य जितके तीव्र तितका कर अधिक. मग तीव्रता ठरवायची कशी? यासाठी कायद्यातच एका उपकरणाचे नाव घातले होते : लिव्हरपूलच्या जॉन डायकस यांचा हायड्रोमीटर.

हायड्रोमीटर म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी, द्रवात उभी तरंगणारी मापक दांडी. दूध तपासायचा लॅक्टोमीटर हे त्याचेच भावंड. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे मद्य जितके तीव्र तितकी ही दांडी खोल बुडते. आर्किमिडीजचे तत्त्व अशा रीतीने करवसुलीला जुंपले गेले.

शेतकऱ्यांचा राग उपकरणावर नव्हता. तो अन्यायावर होता. कर रोखीने भरायचा, आणि रोख तर नव्हतीच. वर्षभर मोठ्या प्रमाणावर मद्य गाळणाऱ्याला कराचा भार दर गॅलनमागे कमी पडे, लहान शेतकऱ्याला जास्त. खटला झालाच तर सुमारे ५०० किलोमीटर दूर फिलाडेल्फियाला जावे लागे. जुलै १७९४ मध्ये संतप्त जमावाने करवसुलीचे अधिकारी जॉन नेव्हिल यांचे घर जाळले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० शिपाई गोळा केले आणि काही अंतर स्वतः त्यांच्याबरोबर गेले. बंड विरघळले. दोघांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, पण वॉशिंग्टन यांनी त्यांना माफी दिली. हा कर पुढे १८०२ मध्ये रद्द झाला. इतिहासात ही घटना ‘व्हिस्कीचे बंड’ म्हणून ओळखली जाते.

याच वॉशिंग्टन यांनी १७९७ मध्ये माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतावर स्वतःची भट्टी सुरू केली. कल्पना त्यांच्या जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाची. १७९९ मध्ये तेथे जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की तयार झाली. हिशेबाच्या वह्यांवरून धान्याचे प्रमाणही कळते : ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के मोड आणून वाळवलेले सातू. भट्टीवरचे कष्टाचे काम करणाऱ्या सहा गुलामांची नावेही ठाऊक आहेत : हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी. ही व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन होती, कारण ती पिंपात मुरवलेली नसे. आजची सोनेरी-तांबूस राय आणि वॉशिंग्टन यांची राय यांचे धान्य एकच, पण वस्तू वेगळ्या. पिंपाचा प्रभाव किती मोठा असतो, याची ही पहिली खूण.

शंभर म्हणजे किती?

मद्याच्या तीव्रतेला इंग्रजीत ‘प्रूफ’ म्हणतात. प्रूफ म्हणजे पुरावा. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटवायची. पेटली तर मद्य कसोटीला उतरले, अशी जुनी परीक्षा सांगितली जाते. पण दारूचा दमटपणा, ओतलेल्या मद्याचे प्रमाण, हवा यांवर निकाल बदलणारच. ब्रिटनने १८१६ मध्ये बार्थोलोम्यू साइक्स यांचा हायड्रोमीटर कायदेशीर ठरवला. ५१ अंश फॅरनहाइट तपमानाला ज्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ भरते, ते मद्य १०० प्रूफचे, अशी व्याख्या झाली. असे मद्य आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोलचे असते. अमेरिकेने १८६८ च्या कायद्यात निराळी आणि सोपी व्याख्या घेतली : आकारमानाने निम्मे अल्कोहोल असेल तर १०० प्रूफ.

हा फरक आपल्याही घराजवळचा आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील अबकारी खात्यांनी साइक्सचा हायड्रोमीटर आणि लंडनचे प्रूफ स्वीकारले. महाराष्ट्रात मद्यावरचा कर ‘प्रूफ लिटर’वर मोजण्याची रीत तेव्हाची आहे. भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा का असतो, याचे उत्तरही तेथेच आहे. ५७.१ चे ७५ टक्के काढा : ४२.८. म्हणजे ती बाटली ७५ ब्रिटिश प्रूफची. अमेरिकेतली ८० प्रूफची बाटली मात्र ४० टक्क्यांची. नुसते आकडे पाहणाऱ्याला ८० हे ७५ पेक्षा तीव्र वाटेल. वास्तविक ते सौम्य आहे. एकक न पाहता आकड्यांची तुलना करू नये, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगायला मिळणार नाही.

आकारमानाने टक्केवारी सांगण्यातही एक गंमत आहे. ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळले तर १०० मिलिलिटर होत नाही. सुमारे ९६ ते ९७ होते. दोन्ही प्रकारचे रेणू एकत्र आल्यावर अधिक दाटीने बसतात. प्रयोगशाळेत शिक्षकांनी हे करून दाखवता येईल. मात्र प्रयोगशाळेतले स्पिरिट विषारी असू शकते, आणि ते ज्वालाग्राही असते, हे विसरू नये.

बाटलीत आहे तरी काय?

तीव्रता मोजता आली, पण त्यामुळे बाटलीत काय आहे हे कळत नाही. १८३० मध्ये आयर्लंडच्या एनियस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन-स्तंभाचे पेटंट घेतले. अशा स्तंभातून जवळजवळ शुद्ध, चवहीन अल्कोहोल स्वस्तात मिळू लागले. ते विकत घ्यायचे, त्यात जळक्या साखरेचा रंग, आलुबुखारासारख्या फळांचा रस आणि इतर अर्क मिसळायचे, की एका दिवसात ‘जुनी राय’ तयार! अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा जोरात होता. बाटली हलवल्यावर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात, यावरून जाणकार मद्याची तीव्रता अजमावत. तेव्हा बुडबुडे टिकवणारे खास तेलही बाजारात आले. अनुभवी डोळ्याची कसोटी अशा रीतीने निकामी झाली.

खरी व्हिस्की करणारे कारखानदार यामुळे अडचणीत आले. केंटकीचे एडमंड टेलर हे त्यांतले एक प्रमुख. त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून ३ मार्च १८९७ रोजी एक कायदा झाला. एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेले, सरकारी देखरेखीखालील कोठारात किमान ४ वर्षे मुरवलेले आणि बरोबर १०० प्रूफला बाटलीत भरलेले मद्य असेल, तर त्यावर सरकारी मोहोर लावता येई. बाटलीतील मद्य चांगले आहे, असे ही मोहोर सांगत नव्हती. ते काय आहे, एवढेच सांगत होती. तुलनेसाठी तेवढेच हवे असते.

पुढचा लढा कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी दिला. अन्न आणि औषधे यांतील भेसळ व खोटी नावे रोखणारा कायदा १९०६ मध्ये झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. रंगवलेल्या अल्कोहोलला व्हिस्की म्हणूच नये, असा त्यांचा आग्रह होता. मिश्रण करणारे व्यापारी अर्थातच विरोधात गेले. अखेर डिसेंबर १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी निवाडा दिला : धान्यापासून केलेले दोन्ही प्रकार व्हिस्कीच, पण चवहीन स्पिरिट घातलेले असेल तर तसे मिश्रण असल्याचे लेबलावर सांगावे लागेल. वायलींना हवे होते तेवढे मिळाले नाही. ग्राहकाला मात्र वाचण्यासारखे लेबल मिळाले.

३१ पिंपे आणि ८ वर्षे

या वादाच्या धामधुमीत एक शांत संशोधन चालू होते. क्रॅम्प्टन आणि टॉलमन या सरकारी रसायनशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या भट्ट्यांमधील राय आणि बर्बन व्हिस्कीची ३१ पिंपे घेतली. बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची व्हिस्की. दरवर्षी प्रत्येक पिंपातून नमुना काढायचा आणि आम्ले, एस्टर, रंग, विरघळलेले घन पदार्थ वगैरे मोजायचे, असे ८ वर्षे चालले. निष्कर्ष १९०८ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

आकडे सांगत होते की मुरलेल्या राय व्हिस्कीत घन पदार्थ, आम्ले आणि एस्टर यांचे प्रमाण बर्बनपेक्षा अधिक आहे. ‘रायच्या धान्याचा हा गुण’ असे म्हणून कोणीही मोकळे झाले असते. पण या दोघांनी एक गोष्ट पाहिली होती. रायची कोठारे बहुधा वाफेने वगैरे उबदार ठेवलेली असत. बर्बनची कोठारे तशी नसत. उष्णतेने लाकडातील पदार्थ अधिक उतरतात आणि बाष्पीभवनही वाढते. तेव्हा हा फरक धान्याचा नसून कोठाराचा आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

विद्यार्थ्यांना हा मुद्दा मुद्दाम सांगावा. दोन घटक नेहमी बरोबर येत असतील, तर परिणाम कोणत्या घटकाचा हे नुसत्या निरीक्षणाने ठरत नाही. राय थंड कोठारात आणि बर्बन उबदार कोठारात ठेवून पाहिल्याशिवाय धान्याची बाजू न्यायाने ऐकली जात नाही. एका गावातील दोन शाळांच्या निकालांची तुलना करतानाही हीच काळजी घ्यावी लागते.

जिभेला जाणवणाऱ्या तिखटपणाचेही असेच आहे. रायच्या दाण्यात फेरुलिक आम्ल असते. किण्वनात आणि ऊर्ध्वपातनात त्यापासून लवंगेसारख्या वासाचे संयुग तयार होऊ शकते. पण लवंगेच्या तेलातील मुख्य घटक युजेनॉल हा ओकच्या लाकडातूनही येतो. व्हॅनिलाचा वास तर लाकडातल्या लिग्निनपासून निघतो. चौथ्या मित्राला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही ते यामुळेच.

एकच नाव, वेगळ्या वस्तू

जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर बर्बन सावरली, पण पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधील राय व्हिस्कीचा जुना धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. आज अमेरिकी कायद्याप्रमाणे ‘राय’ म्हणवून घेण्यासाठी धान्यात किमान ५१ टक्के राय हवी आणि मद्य आतून जाळलेल्या, ओकच्या नव्या पिंपात मुरवलेले हवे. कॅनडात मात्र ‘राय’ हे नाव परंपरेने देशी व्हिस्कीलाच मिळाले आहे. तिच्यात राय किती असावी याचे बंधन नाही. ती किमान ३ वर्षे लाकडात मुरलेली हवी, पण पिंप जुने चालते.

२००० नंतर अमेरिकेत राय पुन्हा लोकप्रिय झाली. बाजारात अनेक नवी नावे आली. त्यांपैकी बऱ्याच बाटल्यांतील मद्य इंडियाना राज्यात, लॉरेन्सबर्ग येथील एकाच मोठ्या कारखान्यात, ९५ टक्के राय आणि ५ टक्के सातू या एकाच कृतीने तयार झालेले होते. लेबलावरचा पत्ता एका राज्यातला आणि भट्टी दुसऱ्या राज्यात असेल, तर भट्टीचे राज्य लेबलावर सांगावे, असा नियम आहे. ज्याने ती बारीक ओळ वाचली नाही, तो एकाच भट्टीच्या मद्याची त्याच्याशीच तुलना करीत बसतो!

मग घरी तुलना करायची कशी?

आता चार मित्रांकडे परत येऊ. त्यांची तुलना न्याय्य व्हायची असेल तर प्रथम लेबले वाचायला हवीत : गाळले कोठे, रायचे प्रमाण किती, वय किती, तीव्रता किती. मग एकच घटक निवडायचा. धान्य तपासायचे असेल तर वय आणि पिंप सारखे असलेल्या बाटल्या घ्यायच्या.

तीव्रता तर पाणी घालून सारखी करता येते. ५० टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये ७.५ मिलिलिटर पाणी घातले की एकूण ३७.५ मिलिलिटर होते आणि तीव्रता सुमारे ४० टक्क्यांवर येते. हे महत्त्वाचे आहे, कारण अल्कोहोलची आग आणि मसाल्याचा तिखटपणा यांत जीभ सहज गल्लत करते. पेले एकाच आकाराचे हवेत, प्रमाण अगदी थोडे हवे. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातले पुष्कळसे नाकाचेच काम असते, त्यामुळे बरीचशी तुलना नुसत्या वासावर होऊ शकते. मद्ययुक्त पेयांचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच कर्करोगकारकांत केलेला आहे; तेव्हा घोट जितके कमी तितके बरे.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे नाव. महागडी बाटली दिसली की ती आवडू लागते. म्हणून पेल्यांना फक्त क्रमांक द्यावेत आणि कोणत्या क्रमांकात काय आहे, हे चाखणाऱ्याला ठाऊक नसावे. १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेत बिअरसाठी वापरलेली त्रिकोणी चाचणी येथे उपयोगी पडते. तीन पेले द्यायचे. दोघांत एकच मद्य, तिसऱ्यात दुसरे. वेगळा कोणता ते ओळखायचे. केवळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता १/३. सहा वेळा करून पाच किंवा सहा उत्तरे बरोबर आली, तर नुसत्या नशिबाने असे घडण्याची शक्यता १३/७२९, म्हणजे शेकडा २ पेक्षाही कमी. मग फरक खरोखर जाणवतो असे म्हणायला आधार मिळतो.

अशा विचाराचे प्रसिद्ध उदाहरण चहाचे आहे. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येते असा दावा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या बाईंनी केला होता. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात अशा प्रयोगाची रचना मांडली : ८ कप, ४ एका प्रकारचे आणि ४ दुसऱ्या. ८ मधून ४ निवडण्याचे ७० प्रकार आहेत. म्हणून सर्व उत्तरे योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता १/७०.

शाळेत हाच प्रयोग चहावर, गूळ आणि साखर घातलेल्या सरबतांवर किंवा दोन विहिरींच्या उकळून गार केलेल्या पाण्यावर करता येईल. स्ट्रॉच्या एका टोकाला मातीची गोळी लावून मुले साधा हायड्रोमीटरही बनवू शकतील आणि साध्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात व साखरेच्या पाण्यात तो किती बुडतो हे पाहतील. प्रयोगाआधी मुलांकडून एक गोष्ट मात्र लिहून घ्यावी : आपण नेमका कोणता एक घटक बदलणार आहोत आणि बाकीचे स्थिर राहतील याची काळजी कशी घेणार आहोत. हे दोन्ही मुद्दे वहीवर स्पष्ट उतरले, की मगच पेले भरावेत.